गजभिये काकांची काजळाची डबी

माझ्या कपाटाचं दार मी आजही दोन बोटांनी लावतो. नाही लागलं तर पुन्हा उघडून आत काय अडलंय ते बघतो. बायको म्हणते, तेवढ्या वेळात माझी चार कपाटं लावून झाली असती. तिचं म्हणणं खरं आहे, पण माझा नाइलाज आहे. रायपूरच्या आमच्या रायफल क्लबात ज्यानं श्रावणजी गजभिये यांच्या शेजारी बसून काही वर्षं काढली, त्याला कुठलीही वस्तू दणका देऊन बंद करणं जमत नाही.

गजभिये काका आमच्या क्लबाची काडतुसं भरायचे. ते पगारी नव्हते, आणि पदाधिकारी तर नव्हतेच. रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या वर्कशॉपात फिटर म्हणून सगळी नोकरी काढून निवृत्त झालेले, मूळचे भंडाऱ्याकडचे, गुढियारीत दोन खोल्यांच्या स्वतःच्या घरात राहणारे. बुटके, सडपातळ. भर उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मनगटाची बटणं लावलेली. खिशात पेन नसायचं, सहा इंची स्टीलची पट्टी असायची. क्लबात कुणी भजी आणली की काका पट्टी काढून जाडी मोजतील, अशी आमची थट्टा चालायची. ते हसायचे आणि भजं खायचे. पट्टी मात्र खरंच एकदा चाचपून बघायचे.

या माणसानं आयुष्यात एकदाही गोळी झाडली नाही. इतकी वर्षं हजारो काडतुसं हाताखालून गेली, पण रायफल खांद्याला लावून पाहावी असं त्यांना कधी वाटलं नाही. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "आपलं काम काडतूस आत जाईपर्यंतचं. बाहेर काय होते ते ज्याचं त्यानं पाहावं." एवढं बोलून पुन्हा मान खाली.

ते क्लबात आले तेही रायफलीसाठी नाही. आमची रेंज सिलतऱ्याच्या पुढे, कारखान्यांच्या काळ्या धुरळ्यात. तिथं निशाणाचे पुठ्ठे पुढंमागं नेणारी एक ट्रॉली होती, तिचं चाक अडायचं. कुणीतरी सांगितलं, गुढियारीत रेल्वेचा एक रिटायर फिटर आहे, त्याला बोलवा. काका आपल्या लुनावरून, तोंडाला ओला गमछा बांधून आले आणि ट्रॉलीखाली शिरले. तेवढ्यात इकडे आमचे उपाध्यक्ष ठाकूर साहेब, म्हणजे निवृत्त वन अधिकारी, आपल्या रायफलीच्या बोल्टवर, म्हणजे काडतूस आत ढकलून बंद करणाऱ्या दांड्यावर, तळहातानं दणके घालत होते. काडतूस आत जात होतं, पण बोल्ट पूर्ण खाली बसत नव्हता.

ट्रॉलीखालून आवाज आला, "साहब, मारिए मत. अंदर कुछ अड़ रहा है, पहले वो पूछ लीजिए."

ठाकूर साहेबांना चाकाच्या मिस्त्रीनं रायफलीबद्दल सांगावं हे रुचलं नाही. पण काडतूसही ऐकत नव्हतं. शेवटी त्यांनी ते काढून काकांच्या हातात दिलं.

इथं थोडं समजावून सांगायला हवं. मोठ्या बोरच्या, म्हणजे रुंद नळीच्या, रायफलीची काडतुसं सहज मिळत नाहीत, म्हणून आमच्या क्लबात ती पुन्हा भरली जायची. त्याची रीतसर परवानगी होती. कागद माझ्याकडे, कारण मी क्लबाचा मानद सेक्रेटरी. गोळी सुटली की पितळेची रिकामी पुंगळी उरते. आतल्या स्फोटानं ती फुगते आणि रायफलीच्या चेंबरचं, म्हणजे काडतूस जिथं बसतं त्या घराचं, माप घेऊन बाहेर येते. मग तिला साच्यात घालून दाबायचं, मापात आणायचं आणि पुन्हा भरायचं. दाब कमी पडला, तोंड लांबलं किंवा गोळी थोडी बाहेर राहिली, की काडतूस घट्ट बसतं. घट्ट का बसतंय हे बाहेरून दिसत नाही, आणि सगळी भांडणं तिथूनच सुरू होतात.

काकांनी त्या दिवशी भांडण केलं नाही. एक रिकामी पुंगळी मागून घेतली, तिच्यात बारूद न घालता नुसती गोळी बसवली, आणि घरी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी आले ते काजळाची डबी घेऊन. डबी काकूंची होती. बोटानं त्या पुंगळीला वरपासून खालपर्यंत पातळ काजळ लावलं, रायफलीत सरकवली, बोल्ट अगदी हलक्या हातानं जेवढा जाईल तेवढाच नेला आणि बाहेर काढली. सगळी पुंगळी काळी होती, फक्त तोंडाशी एक बारीक पिवळी रेघ चमकत होती. तिथलं काजळ पुसलं गेलं होतं.

"इथं घासता है," काका म्हणाले. "तोंड लंबा हो गया है."

तोंड थोडं घासून कमी केलं. मग ठाकूर साहेबांचा हात धरून त्यांची दोन बोटं बोल्टवर ठेवली आणि म्हणाले, आता लावा. बोल्ट बसला. ठाकूर साहेबांनी तीनदा उघडला, तीनदा लावला. त्याच आठवड्यात मागच्या बाजूची बंद खोली झाडून काकांना दिली गेली. ट्रॉलीचं चाकही त्यांनी दुरुस्त केलं, हे आम्ही सगळे विसरलो.

ही काजळाची रीत त्यांची स्वतःची नव्हती. वर्कशॉपात धुरा आणि बेअरिंग नीट बसतंय का हे पाहायला निळा रंग लावून बघायचे, त्याच चालीनं. तिथली एक गोष्ट त्यांनी मोठ्या मुश्किलीनं सांगितली. एकदा एक साहेब घड्याळ हातात धरून उभे, वॅगन बाहेर काढायचीच म्हणून. बेअरिंगवर निळा रंग अर्ध्याच भागाला लागला होता, म्हणजे अर्धाच भाग टेकत होता. काका खरवडत बसले. साहेब ओरडले, काका खरवडत बसले. साहेबांनी लेखी मेमो दिला, तो काकांनी घडी घालून खिशात ठेवला आणि पुन्हा खरवडायला लागले. मी विचारलं, मग पुढे? म्हणाले, "मंग काय जी, रंग सगळीकडे लागला, वॅगन गेली. मेमो हाय अजून घरी."

मेमो त्यांच्या घरी भिंतीवर लावलेला मी पुढे पाहिला. बाबासाहेबांच्या फोटोच्या खाली, काचेच्या फ्रेममध्ये.

त्यांच्या खोलीत फळीवर डबे होते. बिस्किटाचे, मिठाईचे, एक चहाचा, एक कुठल्याशा पावडरीचा, कुठलाही एक दुसऱ्यासारखा नाही. प्रत्येक रायफलीच्या पुंगळ्यांचा वेगळा डबा. ठाकूर साहेबांचा मिठाईचा, क्लबातल्या दीप्तीचा बिस्किटाचा. भिंतीवरच्या खिळ्यांना पितळेच्या बारीक चकत्या टांगलेल्या, प्रत्येक रायफलीसाठी एक. साच्याखाली ती चकती घातली की पुंगळी त्या रायफलीला लागेल तेवढीच दाबली जाई, त्याहून केसभर जास्त नाही. उगाच जास्त दाबली तर पितळ लवकर फाटतं, असं ते म्हणायचे. ठाकूर साहेबांची रायफल त्यांच्यासारखीच जुनी आणि आतून ऐसपैस. दीप्तीची नवी आणि नेमक्या मापाची. दोघांच्या पुंगळ्या शेजारी ठेवल्या तर ऑफिसात नकाशे आखणाऱ्या माझ्यासारख्या ड्राफ्ट्समनलाही फरक दिसत नसे. काकांच्या बोटांना तो कळायचा. काकांनी मला हे सगळं एकदा नाही, चारदा सांगितलं होतं.

दीप्ती साहू आमच्या क्लबाची सगळ्यात चांगली नेमबाज. सिलतऱ्याच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत काम करायची. वडील गेल्यावर स्वतःच्या नावानं लायसन्स काढून तिनं ही रायफल घेतली होती, आणि घरचे अजूनही तिच्याशी धड बोलत नव्हते. काकांना ती छत्तीसगढीत बबा म्हणायची. शनिवारी संध्याकाळी ती त्यांच्या खोलीत स्टुलावर बसून कारखान्यातली गाऱ्हाणी सांगायची. काका साचा दाबत ऐकायचे आणि शेवटी एकच विचारायचे, "बरं, कुठी घासते?"

एकदा ती वैतागून म्हणाली, "बबा, सब जगह घिसता है."

"सगळीकडे नाई घासत, बेटा," काका म्हणाले. "घासते एकाच जागी. बोल्ट लागत नाई म्हणून वाटते सगळंच घट्ट हाय."

ती हसून "हव बबा" म्हणाली आणि थोड्या वेळानं सुपरवायझरचं नाव न घेता एका रजिस्टरबद्दल बोलू लागली. म्हणजे ती जागा सापडली होती.

आता माझं सांगतो. सांगायला जीभ जड होते, पण त्याशिवाय काका पुरे होत नाहीत.

दसऱ्याला काका दरवर्षी काकूंना घेऊन नागपूरला जायचे. चार दिवस खोली बंद, दुसरी किल्ली माझ्याकडे. त्या वर्षी नेमकी त्याच दिवसांत परवान्याची तपासणी आली. मी खोली उघडली आणि माझ्या ड्राफ्ट्समनच्या डोळ्याला ते डबे खुपले. सरकारी माणूस येणार आणि फळीवर भंगाराचं दुकान. मी बाजारातून सारख्या आकाराच्या दोन पारदर्शक बरण्या आणल्या, दाबून तयार ठेवलेल्या पुंगळ्या समोरच्या दोन डब्यांतून, मिठाईच्या आणि बिस्किटाच्या, त्यांत ओतल्या, बाकीचे डबे तात्पुरते टेबलाखाली सरकवले आणि बरण्यांवर माझ्या सुरेख अक्षरात 'रिकाम्या' असं लिहिलं. तपासणी झकास झाली. अधिकाऱ्यांनी नीटनेटकेपणाची तारीफही केली. मग मी पुंगळ्या परत त्या दोन डब्यांत ओतल्या, अंदाजानं, अर्ध्या इकडे अर्ध्या तिकडे, आणि बरण्या घरी वापरायला नेल्या. दिसायला सगळ्या सारख्या होत्या. काका परत आले तेव्हा सांगायचं राहून गेलं. खरं तर राहून गेलं नाही; सांगितलं तर बोलणी खावी लागतील म्हणून मी ते ढकललं.

मार्चमध्ये दीप्तीची निवड चाचणी होती. काकांनी तिच्या बिस्किटाच्या डब्यातली साठ काडतुसं भरून दिली. चाचणीच्या आधीच्या रविवारी ती सरावाला बसली. सहा नीट गेली. सातव्याला बोल्ट अर्ध्यावर थांबला. ती हात काढून घेत होती, एवढ्यात मागे उभे असलेले ठाकूर साहेब पुढं वाकले आणि सवयीनं तळहाताचा एक दणका दिला. बोल्ट मग पुढंही जाईना आणि मागंही येईना. आत जिवंत काडतूस.

काका खोलीतून आले. आधी त्यांनी सगळ्यांना मागं नेलं, नळी मातीच्या बांधाकडे आहे हे पाहिलं, दीप्तीचं बोट ट्रिगरपासून दूर आहे हे पाहिलं आणि तिलाही उठवलं. स्वतः तिच्या जागी बसले. पाऊण तास ते त्या बोल्टशी बोलत असल्यासारखे बसून होते. जोर दिसला नाही, घाई दिसली नाही. शेवटी बोल्ट मागं आला आणि काडतूस त्यांच्या तळहातावर पडलं. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. दीप्तीला म्हणाले, आज बस.

ठाकूर साहेब घाबरले होते, आणि घाबरलेला मोठा माणूस कुणाला तरी दोष देतोच. त्यांनी तिथंच जाहीर केलं की गजभियेंचं वय झालं, डोळ्यांत मोतीबिंदू आहे, हे काम आता त्यांच्याकडे ठेवणं धोक्याचं आहे. मोतीबिंदू खरा होता. ऑपरेशनची तारीखही मिळाली होती. ठाकूर साहेबांनी पुढच्या बैठकीत हा विषय घ्यायला मला सांगितलं आणि मी तो रजिस्टरात लिहिला.

काकांनी पुढच्या तीन दिवसांत जे केलं ते मी पाहिलं आहे. आधी चेंबर साफ केला, कारण कुणी म्हणत होतं कारखान्याचा धुरळा गेला असेल. तरी घट्टच. मग लांबी मोजली. बरोबर होती. गोळी बाहेर आली नव्हती. मग एक घट्ट काडतूस रिकामं करून त्याला काजळ लावलं. या वेळी डोळ्याजवळ धरून, भिंग लावून, खिडकीच्या उजेडात फिरवून फिरवून पाहिलं. तोंडाशी काळं होतं, बुडाशी काळं होतं. खांद्याशी, म्हणजे पुंगळी जिथं निमुळती व्हायला लागते तिथं, सगळ्या बाजूंनी पिवळं कडं उमटलं होतं. उरलेली काडतुसं एकेक करून रेंजवर लावून पाहिली. एकोणीस घट्ट निघाली, बाकीची दोन बोटांनी बसली. त्या एकोणिसांतल्या एकाला रिकामं करून ते ठाकूर साहेबांच्या रायफलीत घातलं. बोल्ट आपोआप खाली आला.

चौथ्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. दोन काळ्या पुंगळ्या कागदावर उभ्या केल्या. एकीच्या खांद्याला पिवळं कडं, दुसरी पूर्ण काळी.

"ही ठाकूर साहेबाईच्या घरातली," ते म्हणाले. "ही दीप्तीच्या. एका डब्यात कशा आल्या असतीन, सेक्रेटरी साहेब?"

मी म्हणालो, मला काय माहीत, तुमच्या खोलीतली तुम्हालाच माहीत.

 काका रागावलेले दिसले नाहीत. माझ्या टेबलाचा ड्रॉवर अर्धा उघडा होता, तो त्यांनी दोन बोटांनी आत सरकवला आणि पुंगळ्या उचलून गेले. किल्ल्या दोनच आहेत, एक त्यांच्याकडे आणि एक माझ्याकडे, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

बैठक हिंदीत झाली. ठाकूर साहेब बोलले, वयाबद्दल, डोळ्यांबद्दल, जबाबदारीबद्दल. काकांना विचारलं तेव्हा ते उभे राहिले आणि दोन रायफलींच्या पुंगळ्या एका डब्यात मिसळल्या होत्या एवढं सांगितलं. ठाकूर साहेब म्हणाले, डबे तर तुमचेच.

"भरके दस में एक लगाके देखा था," काका म्हणाले. "सब लगाके देखना था. डिब्बे पे भरोसा किया. इतनी गलती मेरी है."

"और बाकी?"

"बाकी काजल से इतनाच समझता है कि कहाँ घिसता है. किसने किया, ये नहीं समझता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी बोललो असतो. मी रजिस्टरात लिहीत होतो, आणि माझं अक्षर त्या दिवशीही सुरेख आलं. काकांनी किल्ली टेबलावर ठेवली. फळीवरचे डबे जागच्या जागी ठेवा, एवढं सांगून लुना काढली.

दीप्ती त्यांनीच निवडून दिलेली काडतुसं घेऊन चाचणीला गेली आणि निवडली गेली. परत आल्यावर ती पेढे घेऊन थेट गुढियारीला गेली, क्लबात आली नाही. ठाकूर साहेबांनी काडतुसं भरायचं नवीन यंत्र मागवलं. ते खोलीत ठेवलं, पण त्यावर बसायला कुणी नव्हतं. मी किल्ली माझ्या जुडग्यात घातली. घराचं कुलूप उघडताना ती रोज माझ्या हाताला लागायची.

मी भ्याड होतो, एवढंच याचं स्पष्टीकरण आहे. सत्तरी ओलांडलेला एक माणूस, ज्याच्यापाशी नावाशिवाय काही नव्हतं, त्याचं नाव माझ्यामुळं गेलं आणि मी चार महिने जेवत होतो, झोपत होतो, ऑफिसला जात होतो. तेलीबांध्याच्या तळ्याभोवती सकाळी फिरायला जायचो, तिथं एकदा दीप्ती भेटली. तिनं नमस्कार केला. बोलता बोलता सांगितलं की बबा दिवसभर घरात बसून असतात, काकूंच्या डब्यांची झाकणं नीट करत. तिला काहीच माहीत नव्हतं. मी घरी आलो आणि क्लबाचं रजिस्टर उघडून त्या बैठकीच्या खाली सगळं लिहिलं. बरण्या, दसरा, अर्ध्या इकडे अर्ध्या तिकडे. खाली सही केली. पुढच्या बैठकीत ते स्वतः वाचून दाखवलं.  ठाकूर साहेब म्हणाले, "चाबी दे आइए." मग चष्मा काढून पुसत बसले. दणका त्यांचाही होता, हे त्यांना त्या वेळी आठवलं असावं.

जुलै चालू होता. गुढियारीत गल्लीत पाणी साचलेलं, मालधक्क्याकडे जाणारे ट्रक चिखल उडवत होते. काकांच्या घराचं लाकडी दार लोटलेलं होतं. मी ढकललं, ते फुगल्यामुळं हललं नाही. मी खांदा लावला.

आतून आवाज आला, "थांबा जी. जोर नका लावू."

दार आतून ओढून उघडलं. काका काळा चष्मा लावून उभे, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. एका हातात कानस, दुसऱ्या हाताची बोटं काळी. दाराच्या कडेला वरपासून खालपर्यंत काजळ फासलं होतं. काकू आतून म्हणाल्या, "माही तिसरी डबी हाय ही. आता मी काजळ घालनंच सोडलं." आणि चहा ठेवायला गेल्या.

मी उभ्याउभ्याच सांगितलं. काका दाराची कड कानशीनं घासत ऐकत होते. माझं सांगून संपलं तेव्हा त्यांनी भुसा फुंकला.

"मले मालूम होतं," ते म्हणाले.

मी विचारलं, मग बैठकीत का नाही बोललात?

"मी बोललो असतो तर तुम्ही नाई म्हटलं असतं. मंग जन्मभर नाईच म्हणत राहिले असते." कानशीवरून बोट फिरवून म्हणाले, "चार महिने लागले. पन तुमचं तुम्ही आले."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पाहिलं की नाही, त्या काळ्या चष्म्यामुळं मला कळलं नाही. मी किल्ली पुढं केली. ती त्यांनी पट्टीच्या शेजारी खिशात ठेवली आणि वरून हात फिरवून पाहिला. म्हणाले, दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन होऊ द्या, मग येतो. तोवर डबे आहेत तसे असू द्या, साफसफाई करू नका. हे सांगताना ते हसत होते. चहा पिताना दीप्तीसाठी नवी चकती कशी करायची हेही त्यांनी मला पट्टीनं टेबलावर आखून दाखवलं.

ते आले नाहीत. दुसऱ्या डोळ्याच्या आधी हृदयानं दगा दिला, गणपतीच्या आसपास. काकूंनी किल्ली परत पाठवली तेव्हा ती एका लहानशा कागदात गुंडाळलेली होती आणि कागदाला काळे ठसे होते. ते चार महिने त्यांचे होते. त्या खोलीत, खिडकीच्या उजेडात, डब्यांच्या समोर. ते मी खाल्ले, आणि त्याची भरपाई माझ्याकडून होणार नाही. दीप्ती आता त्या खोलीत बसते. डबे तसेच आहेत.

पण मला काका आठवतात ते त्या दिवशी निघतानाचे. मी चपला घालून ओट्यावर आलो तेव्हा ते म्हणाले, दार तुम्ही लावा, बाहेरून, पाहू कसं बसते. मी कडी धरली. "दोन बोटं," आतून सूचना आली. मी मूठ सोडून दोन बोटांनी दार ओढलं. फट अरुंद होत गेली तसे काका आत मान तिरकी करून ऐकत उभे दिसले, हातात कानस, बोटं काळी, खिशात पट्टी आणि किल्ली. दार चौकटीत शिरलं. कुठंही अडलं नाही, आवाजही झाला नाही.

"हां," आतून काका म्हणाले. "बसलं."